हाडात झोपलेले

दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक रीत होती. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपला की शेजारच्या बायका धुणंसुद्धा आपटायच्या नाहीत. मी शिरूरची, घसा मोठा. लग्न होऊन आले आणि आल्या आल्याच बोलणी खाल्ली. मग शिकले गप्प बसायला.

आमचे हे इंजिनावर फायरमन, भट्टीत कोळसा टाकणारे. कोळशाचं ढेकूळ नडगीवर पडलं, जखम वरून भरली आणि आत हाड सडायला लागलं. पेनिसिलिन तेव्हा नवं होतं. इंजेक्शनांनी ताप उतरला, मला वाटलं सुटलो. थोड्याच दिवसांत तोच ताप, तोच पू. डॉक्टर म्हणाले, "आणखी एकदा उलटलं तर कदाचित पाय काढावा लागेल." एका पायाचा फायरमन कुणी बघितलाय का?

दुसऱ्यांदा ताप उतरला तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही जंतू तरीही आत मागं राहतात. मी विचारलं, "मागं राहत्यात ते जंतू येगळ्या जातीचे हायत का?"

"तेच तर नवल," ते म्हणाले. "सगळे एकाच जंतूची पिलावळ. वारसा एक, तसूभर फरक नाही. पण लाखात एखादा उगाच झोपून राहतो. औषध मारतं ते वाढणाऱ्याला. झोपलेल्याला त्याचा पत्ताही नसतो. औषध थांबलं की तो उठतो, आणि त्याची पिल्लं पुन्हा सगळी पहिल्यासारखीच."

"पर त्योच का झोपतो?"

"ते कुणालाच माहीत नाही."

माझ्या डोक्यात एकच बसलं, की ते झोपलेत. घरी आल्यावर मी कुजबुजत बोलायला लागले. भांडं वाजलं की धावत जाऊन हातानं दाबून धरायची. ह्यांना मोठ्यानं खोकूही देत नव्हते. ड्यूटीसाठी माणसं उठवणारा कॉलवाला शेजारच्या दारावर काठी वाजवायला आला, तर मी त्याच्या अंगावर धावले. "काठी नका वाजवू, ह्यांच्या हाडात झोपल्यात." तो बिचारा दोन पावलं मागंच सरला.

एका सकाळी माझ्या हातून तवा पडला. संध्याकाळी ह्यांचं अंग तापलं. दवाखान्यात मी रडून सांगितलं, "माझ्यामुळं उठले वो ते."

डॉक्टर हसले नाहीत. "बाई, जंतूंना कान नसतात. आणि उठले तर उठू देत, जागे असतील तरच मरतील. आता हाडाचा मेलेला तुकडा काढतो आणि इंजेक्शनं जास्त दिवस देतो. त्यानंही नाही भागलं तर मात्र पाय."

ऑपरेशनला आत नेताना हे म्हणाले, "अगं, आता तरी मोठ्यानं बोल की. किती दिस झालं तुझा आवाज ऐकून." मी "बरं" म्हणाले, तेही कुजबुजतच.

पाय वाचला. ह्यांनी त्याच पायावर नोकरी पुरी केली.

आता नात कॉलेजात हेच जंतूंचं शिकते. परवा सांगत होती, "आजी, जनुकं सगळ्यांत तीच. एकात चालू, दुसऱ्यात बंद. कधी कधी नुसता योगायोग."

"आन् झोपलेला किती वर्सं झोपतो?"

"काही जण खूप वर्षं झोपतात."

हे खाटेवर बसून तिच्या कसल्याशा बोलण्यावर खो खो हसत होते. माझा हात त्यांच्या नडगीवर गेला, आणि तोंडून निघालंच, "हळू हसा."