शेवाळाच्या बाटल्या

आमच्या प्रयोगशाळेतले शिपाईमामा होटगीहून यायचे. खिडकीतल्या शेवाळाच्या बाटल्या दर तासाला उन्हाकडे फिरवताना म्हणायचे, "खावा की ऊन." उन्हात ते शेवाळ प्राणवायू सोडतं. त्याचा लेप मधुमेहाच्या जखमांना चालेल का, हे आम्ही उंदरांवर तपासत होतो.

एकदा त्यांनी हळूच विचारलं, "म्याडम, आमच्या मंडळीच्या पायाला लावून बगू का? लई चिघळलाय."

"माणसांसाठी अजून परवानगी नाही, मामा."

"व्हय," म्हणून ते पुन्हा बाटल्यांकडे वळले.

महिन्याभरात मामींचा पाय कापावा लागला. चार दिवसांनी मामा कामावर आले. दर तासाला बाटल्या फिरवल्या. संध्याकाळी ते घरी गेल्यावर मी बाटल्या मोजल्या. एकही कमी नव्हती. एखादी तरी त्यांनी चोरायला हवी होती.