पाठीमागची माणसं

आमच्या इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या काकांना सगळे कप्तान म्हणत. लिफ्ट जुनी होती. जाळीचं सरकतं दार, चालवायचा पितळी दांडा आणि दाराशी एक लाकडी स्टूल. माणसं आत येताना कप्तानांची नजर खाली असायची. लिफ्ट मजल्याच्या पातळीत थांबली की नाही, कोणाचा पाय फटीत तर जात नाही ना, एवढंच ते बघायचे. मग दार ओढायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे. माणसं मागे उभी राहून मजला सांगायची. बावीस वर्षं असंच चाललं.

मी तिसऱ्या मजल्यावर औषधांची माहितीपत्रकं तपासते. साहित्यात एम.ए. केल्यावर हे काम मिळालं. दुपारी जिन्यात डबा खाताना माझी आणि कप्तानांची ओळख झाली. ते मला पंडिताबाई म्हणतात.

मग बटणांची लिफ्ट येणार असं ठरलं. खाली स्वागताच्या टेबलावर एक जागा निघाली. ती मिळाली तर कप्तान राहणार होते, नाही तर घरी.

"पंडिताबाई, माझी मुलाखतीची तयारी करून घे," ते म्हणाले.

दर रविवारी मी त्यांच्या घरी जायला लागले. मी साहेब व्हायचे. ते बाहेरून दार वाजवायचे, आत यायचे आणि वळून दाराकडे तोंड करून उभे राहायचे.

"अहो काका, इकडे! साहेब इकडे बसलेत."

"हो, हो. पाय आपोआप वळतात."

"स्वतःबद्दल सांगा."

"मी लोकांना वर-खाली करतो."

काकू स्वयंपाकघरातून हसायच्या. "लग्नाच्या वेळी एवढी तयारी केली नव्हती यांनी."

"तेव्हा तुझ्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता. जेवणार का."

"आणि तुम्ही हो म्हणालात. अजून जेवताय."

मी सांगितलेली उत्तरं त्यांना जड जायची. एक वाक्य मात्र त्यांचं स्वतःचं होतं आणि त्याला मला हातही लावावा लागला नाही. 'या इमारतीतल्या प्रत्येक माणसाला मी ओळखतो.' ते खरं होतं. पाचव्या मजल्यावरच्या वकीलबाई बोलण्याआधी नाक ओढतात. चौथ्यावरच्या हिशेबनीसांचा डावा बूट करकरतो. इमारतीचे व्यवस्थापक सातवा मजला सांगताना आधी खाकरतात. कप्तान सगळ्यांच्या नकला करायचे. काकूंना हसून हसून ठसका लागायचा. हे वाक्य शेवटी म्हणायचं असं आम्ही ठरवलं.

मुलाखतीच्या आठवड्यात नवी लिफ्ट सुरू झाली. जुनीला कुलूप लागलं.

मुलाखत सातव्या मजल्यावर होती. काकूंनी शर्टाला इतकी कडक इस्त्री केली होती की बाह्या अंगापासून लांब उभ्या राहत होत्या. मी रजा टाकून सोबत गेले. उकडत होतं म्हणून खोलीचं दार उघडंच ठेवलं होतं. समोरच्या बाकावरून मला सगळं दिसत होतं.

आत तिघं होती. मुख्य कार्यालयातून आलेल्या एक बाई आणि एक गृहस्थ. तिसरे कडेला, कागद चाळत, गप्प. टेबलाला पुढून फळी होती. कोणाचेही पाय दिसत नव्हते.

कप्तान आत गेले. वळले नाहीत. मी श्वास सोडला.

उत्तरं चांगली गेली. बाईंनी दोनदा मान हलवून काही लिहिलं. मग कप्तानांनी ते वाक्य म्हटलं.

"प्रत्येकाला?" बाई हसल्या. त्यांनी गमतीनं कडेच्या गृहस्थांकडे बोट केलं. "मग यांनाही ओळखत असाल."

कप्तानांनी पाहिलं. नीट पाहिलं.

"साहेब नवीन आहेत का?"

ते गृहस्थ खाकरले.

"कप्तान, मी आहे."

कप्तान खुर्चीतून उठले. "सातवा मजला, साहेब," ते म्हणाले. तोंडातून तेवढंच निघालं.

व्यवस्थापक रोज त्यांच्या मागे उभे राहत होते. मुलीच्या लग्नाच्या पेढ्यांचा पुडा त्यांनी मागूनच खांद्यावरून पुढे केला होता.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. आवाज मऊ ठेवून म्हणाल्या, "काका, खाली दाराशी चेहरे ओळखावे लागतात हो. कोण आपला, कोण परका. आम्ही दुसरा माणूस बघतो."

"बरोबर आहे," कप्तान म्हणाले. व्यवस्थापक पुन्हा कागद चाळत होते.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बाकीचं बरं झालं ना?"

"बाकीचं छान झालं, काका."

इतक्या रविवारांत मी त्यांना बसायला, हसायला, डोळ्यात बघायला शिकवलं होतं. हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांच्याही नाही.

नवी लिफ्ट आली. कप्तान आत शिरले, वळले आणि जिथे स्टूल असायचं तिथे उभे राहिले. दांड्यासाठी हात उचलला, मग खिशात घातला. बटण मी दाबलं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं. कप्तानांनी खाली, फटीकडे पाहिलं. दोन माणसं आमच्या मागे जाऊन उभी राहिली.

दार मिटलं. ते चकचकीत पोलादी होतं. त्यात आम्ही सगळे दिसत होतो. कप्तान अजून खालीच बघत होते.

"तळमजला," मागून कोणीतरी म्हणालं.

"हिशेबनीस," ते माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले.

मी दारात पाहिलं. तेच होते.