हातबंबाच्या पाण्यावरचा आंबा

आगीच्या नोकरीत धावपळ घटकाभराची, बाकी सगळं बसणं. आणि बसलेल्या माणसाला किस्से चिकटतात, ओल्या होजपाइपाला माती चिकटावी तसे. झटकले तरी थोडे राहतातच. पनवेलला खाडीकडच्या आमच्या केंद्रात मी फायरमन म्हणून जन्म काढला. शाळा आतून पाहिली ती तिथल्या स्वयंपाकघराला आग लागली तेव्हाच! म्हणून सांगतो मी, लिहिते नात.

*

आवारात एक हातबंब होता. पनवेलच्या बंदरात गलबतं लागायची त्या काळातला, गोऱ्या साहेबाचा. लाकडी चाकं, पितळी टाकी आणि दोन बाजूंना लांब दांडे. चौघांनी हाणले की पाणी उडायचं. आम्ही त्याला ‘आजोबा’ म्हणायचो. दसऱ्याला पहिला हार आजोबांना, मग मोठ्या गाडीला.

नियमही गोऱ्यांचाच: रोज सकाळी पाणी भरून दहा दांडे मारायचे, नाहीतर आतलं चामडं सुकतं. मी भरती झालो त्या दिवशी जमादारांनी विचारलं, “वाचता येतं?”

“नाय.”

“झकास! मग आजोबा तुझे.”

एकट्यानं लोंबकळून मारले दांडे, वर्षानुवर्षं. पाणी जायचं आवारातल्या आंब्याला. आग एक विझली नाही, आंबा मात्र कौलांच्या वर गेला!

*

मोरा बंदरात धक्क्याशी एका होडीनं पेट घेतला. आम्ही मदतीला गेलो. अर्ध्यातच टँकर रिकामा! ड्रायव्हर कासमभाई नळ शोधत पळतोय, मी धक्क्यावर उभा राहून ओरडतोय, “पाणी! अरे, कुणीतरी पाणी आणा!”

टोपलीपाशी बसलेली म्हातारी कोळीण शांतपणे म्हणाली, “बाबा, जरा मागं बग.”

मागं समुद्र!

*

सुकापूरच्या नव्या इमारतीतून कुणीतरी फोन केला, “मोठी आग लागलीय!” पोचलो. ज्वाळा दिसल्या तशी मी उडी मारली आणि फवारा सोडला. विझल्यावर नीट दिसलं. भोवती अख्खं गाव नारळ घेऊन उभं!

“आरं, ही होली हाय! तुमी इझवली कशाला?”

कासमभाईनं हळूच गाडी वळवून ठेवली. पण एक आजा पुढं आला. “आता तूच पेटव. त्याबिगर गाडी जायाची नाय.”

उभ्या नोकरीत मी एकच आग लावली, तीही युनिफॉर्ममध्ये!

*

मग नवे साहेब आले. वयानं माझ्या मुलाएवढे, पण कागदाला पक्के. वही घेऊन एकेक वस्तू तपासत आजोबांपाशी थांबले.

“काका, हा शेवटचा कधी वापरला?”

“आज सकाळी, साहेब.”

“कुठे?”

“आंब्याला.”

संपलं! आठवड्यात लाल शिक्क्याचा आदेश निघाला: हातबंब भंगारात. माझी रिटायरमेंट चार महिन्यांवर होती. साहेबांना सांगणार होतो की आधी मला जाऊ द्या, मग आजोबांना न्या. रात्रभर घोकलं. सकाळी तोंडातून निघालं ते, “बरं, साहेब.”

*

भंगारवाले चौघं टेम्पो घेऊन आले. साहेब आदेश हातात घेऊन बाहेर आले, आणि तेवढ्यात त्यांच्याच खोलीतल्या पंख्यानं पेट घेतला. खाली पडदा, खुर्ची, बाजूला फायलींचं कपाट. मोठी गाडी उलव्याला आगीच्या वर्दीवर गेलेली. भिंतीवरचा सिलिंडर फुस्स करून गप्प. आमच्याच केंद्रातला!

मी मेन स्विच पाडला आणि आजोबांकडे पळालो. “दांडे धरा रे!”

तोडायला आलेले चौघं दांड्यांना लागले. साहेबांनी आदेश खिशात कोंबला आणि हौदातून बादल्या ओतायला घेतल्या. पहिल्या दांड्याला आजोबा खोकले. दुसऱ्याला पाणी थेट खिडकीतून आत! फायलींपर्यंत आग पोचलीच नाही.

भंगारवाला दांडा सोडेना. “चाचा, ये तो जिंदा है!”

साहेब भिजलेल्या टेबलाशी रिपोर्ट लिहायला बसले. एकेक ओळ मोठ्यानं बोलत होते. “जळालेलं सामान. पंखा एक. खुर्ची एक. पडदा एक. हातबंब भंगारात काढण्याचा आदेश, एक.”

मी पाहिलं. लाल शिक्क्याचा कागद साहेबांच्या खिशातून डोकावत होता. ओला, पण अख्खा!

“साहेब, आदेश तर तुमच्या खिशात...”

साहेबांनी मानसुद्धा वर केली नाही.

“काका, तुम्हाला वाचता कुठं येतं?”