माहेरी दगावलेली चौदा

अनसूयाबाईंशी गोड बोलायला जावं आणि चार खडे बोल ऐकून परत यावं, असा ऑफिसातल्या सगळ्यांचा अनुभव होता. नानाखेडा बस स्टँडवरून सकाळची बस धरून सोळा वर्षं त्यांनी उज्जैनच्या आसपासची बत्तीस खेडी पालथी घातली होती. कुठल्या घरात कोण बाळंत झाली, कुणाचं मूल दगावलं, हे विचारून लिहायचं, एवढंच काम. पण मूल गेलेल्या आईला ते विचारायचं कसं, हे ऑफिसातल्या एकाही शहाण्याला ठाऊक नव्हतं. बाई तिच्या शेजारी बसत, मुकाट्याने लसूण सोलू लागत, आणि मग विचारत.

या ग्रामीण आरोग्य संशोधनाच्या नेटवर्कने गेल्या पाच वर्षांत काय साधलं, ते तपासायला पुण्याहून अपर्णा मॅडम आल्या. प्रमुख विक्रांत सरांनी पडद्यावर आकडे झळकवले. वर्षाला एक्केचाळीस बालमृत्यू होते, आता सत्तावीस. टाळ्या पडल्या.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उठल्या. "बाकीची चौदा मुलं कुठे गेली, ते पण सांगा न सर."

माळव्यातल्या खेड्यांत पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आधी ते मूल आईच्या सासरच्या गावात धरत. दोन वर्षांपूर्वी विक्रांतने नियम बदलला: बत्तीस गावांत जन्मलेलंच मूल मोजायचं. माहेरं बहुतेक बत्तीसच्या बाहेरची. तिथे जन्मून तिथेच गेलेलं मूल कागदावर आलंच नाही. बाईंनी मात्र या वर्षीची ती चौदा वेगळ्या वहीत लिहिली होती. ती मोजली जावीत, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"नियमाबाहेरचं लिहायला कोणी सांगितलं तुम्हाला?" विक्रांत फणकारला. "फालतूचा बखेडा खडा करू नका."

"बखेडा तुम्ही केला. मी तर फक्त लिहिलं."

अपर्णा मॅडमनी चौदाही पानं वाचली. त्यांना सगळं कळलंय हे चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच बाईंना त्यांचा जास्त संताप आला.

"नियम लेखी आहे, ताई. मला तेवढंच बघावं लागतं," म्हणत त्यांनी वही परत केली. अहवालात 'उल्लेखनीय प्रगती' आली. अनसूयाबाईंच्या नावापुढे शेरा आला: शिस्तीचा अभाव.

पुढच्या आठवड्यात बाई रेशमच्या दारी गेल्या. रेशमची मुलगी माहेरी नवव्या दिवशी गेली होती. चौदातलं तिसरं पान तिचं, आणि ते मोठ्या मॅडमना दाखवणार, हे बाईंनी तिला सांगितलं होतं.

"दीदी, म्हारी वाली बड़ी मैडम ने बाँची?"

वाचली आणि मोजलीही, अशी थाप मारणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, "बाँची. पर गिनी नी."

रेशमने दाराची कडी धरली. "तो पूछी क्यों थी? जो म्हने घरवाला के नी बतायो, वो थाने बतायो थो, दीदी."

आणि तिने दार लावून घेतलं.