आडनाव सक्तीचं नाही

राजरत्नच्या नावापुढे बापाचं नाव लागायचं आणि तिथेच संपायचं. राजरत्न सीताराम. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच गावाकडचं आडनाव टाकून दिलं, आणि नायगावच्या चाळीत ते पुन्हा कुणी उच्चारलं नाही. बाहेर मात्र सुटका नव्हती. "ते ठीक आहे हो, पण आडनाव?" हे त्याने शाळेत ऐकलं, भाड्याची खोली बघतानाही ऐकलं. विचारणाऱ्याला नाव नको असतं, भलतंच काही हवं असतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

लोअर परळच्या त्याच्या कंपनीत दवाखान्यांसाठी अ‍ॅप बनायचं. बटणं, रंग, माहिती भरायचे चौकोन एकदाच नीट बनवून ठेवायचे आणि बाकीच्यांनी त्यातूनच पानं जुळवायची. याला ते डिझाइन सिस्टम म्हणत. काय कुठे वापरायचं आणि का, हे लिहून ठेवणं राजरत्नचं काम. नावाच्या चौकोनाखाली त्याने लिहिलं होतं: 'आडनाव सक्तीचं नाही. सगळ्यांना ते नसतं. असतं त्या सगळ्यांना ते सांगायचं नसतं.' अख्ख्या नोकरीत त्याला खरा अभिमान होता तो एवढ्या ओळींचा.

मग हे सगळं ठेवायला नवं टूल घ्यायचं ठरलं आणि निवड त्याच्यावरच आली. एकात हवं तेवढं लिहिता यायचं, पण प्रत्येक बदल हाताने करावा लागे. दुसरं डिझायनरांची चित्रं आणि प्रोग्रामरांचा कोड आपणहून उचलायचं, कायम ताजं. कारणं लिहायला त्यात जागाच नव्हती.

"मग तुझी ती 'का'वाली पानं?" मीटिंगमध्ये वल्लरीने विचारलं. ती त्याची वरिष्ठ, ठाकूरद्वारची, मनाने सरळ. "ठेवायची असतील तर मी भांडते वरती. फक्त एक उदाहरण दे, त्यांच्यावाचून काय अडेल?"

उदाहरण तो स्वतःच होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. आता सांगितलं की चेहऱ्यांवर कणव येणार, आणि ती त्याला त्या प्रश्नापेक्षाही नकोशी वाटायची.

"सोड ना यार," तो हसून म्हणाला. "कारणं कोण वाचतं? दुसरंच घेऊ."

जुनी पानं बंद झाली. राजरत्न दुसऱ्या कामावर गेला. पुढे कुणा नव्या माणसाने आडनावाच्या चौकोनाला 'सक्तीचं' लावलं. बिचाऱ्याचा काय दोष? लावू नकोस, असं कुठे लिहिलेलंच नव्हतं.

दिवाळीनंतर सीतारामला धाप लागायला लागली. राजरत्न त्याला दादरच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. काउंटरवरच्या स्क्रीनवर राजरत्नच्या कंपनीचंच अ‍ॅप होतं.

"काका, आडनाव?" तिथल्या मुलीने विचारलं.

"नाय ताई. सीताराम भिवा, तेवढंच."

"भिवा वडिलांच्या नावात टाकलं. आडनावाशिवाय पुढे जात नाही हो, लाल येतंय बघा."

तो लाल रंग राजरत्ननेच निवडला होता. "टिंब टाका," तो म्हणाला. "काहीपण टाका."

"टिंब घेत नाही."

ओरडावं तरी कुणावर? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तो काहीतरी नाव शोधत राहिला, आणि तेवढ्यात काउंटर धरून उभ्या असलेल्या सीतारामने, दम खात, गावाकडचं आडनाव सांगितलं. बापाच्या तोंडून राजरत्नने ते पहिल्यांदाच ऐकलं.

लाल रेघ हिरवी झाली.

"झालं काका, बसा," मुलगी म्हणाली.

सीताराम बाकावर बसला.

"ते नाव घेतलं, घरी आयेला सांगू नको," तो म्हणाला.