आधी निरोप, मग पानी

बोलताना ती एक हात तोंडाशी धरायची. तळवा आडवा, बोटं गालाला लावलेली, जसा काय समोरचा मानूस पार दर्यात होडीवर उभा हाय. फोनवरपन तसंच. एका हातानं फोन लांब धरायचा नि दुसरा हात तोंडाशी. आमी हसायचो, मावशी, फोनात हळू बोललं तरी जातं गो. ती बोलायची, "तुमचं जात असंल. माझं दर्यावर जायचंय."

तुमच्याकडंपन असंल अशी एक बाई, अख्ख्या गावाचे निरोप वाहनारी. आमच्या कोळीवाड्यात ती व्हती, माझ्या घराला लागून तिचं घर. बोंबील सुकवायची नि बोर्लीच्या बाजारात विकायची. परत येताना टोपली रिकामी नि डोकं निरोपांनी भरलेलं. टेम्पोतून उतरली की स्वतःच्या घरात शिरायची न्हाय, आधी ज्याचा निरोप त्याच्या दारात. आपन म्हनावं, मावशी टेक जरा, पानी पी, तर ती हातानंच तांब्या मागं सारायची. "आधी निरोप, मग पानी."

नि सांगायची जसाच्या तसा. एका हळदीला भरल्या मांडवात उभी राहून बोलली, नवरीच्या मामानं सांगितलंय मी येनार न्हाय, मला आमंत्रन देताना नुसती मान हलवली, मी काय बैल हाय काय. नवरीची आई रडकुंडीला आली. बायका मावशीला बोलल्या, अगं, बाजूला घेऊन सांगायचं, जरा गोड करून सांगायचं. ती बोलली, निरोप काय माझा हाय, मी त्याला कात्री कशी लावू. मामा रात्री जेवायला आला ती गोष्ट वेगळी.

ती त्या दिवशी विमानात माझ्या बाजूला व्हती म्हनून मी आज हे सांगतेय. न्हायतर माझं काय झालं असतं, विचार केला तरी अजून हातपाय गार पडतात.

माझा नवरा मस्कतला गॅरेजात हाय नि तिचा मुलगा तिथंच बंदरावर. ती एकदा जाऊन आलेली, म्हनून माझ्या नवऱ्यानं तिलाच सांगितलं, मावशी, हिला संगती घेऊन ये, ही घाबरट हाय. धाकटा माझ्या मांडीवर, अजून बसायला न्हाय शिकलेला. मोठीचा, स्वराचा, पासपोर्ट झाला नव्हता, म्हनून तिला माझ्या आईजवळ ठेवलेली. निघताना तिचं अंग कोमट लागलं मला. आई बोलली, काय न्हाय गो, रडून रडून झालंय, तू जा.

विमानाचं दार लावलं नि फोन वाजला. आईचा आवाज फाटलेला. स्वराला आकडी आली, डोळे फिरवले, रिक्षानं बोर्लीला डॉक्टरकडं नेतोय. मी बोलतेय, आई, आई, श्वास घेतेय काय ती, तर तिथली पोरगी आली, गनवेशातली, मॅम फोन बंद करा. नि विमान पळायला लागलं नि फोनातल्या रेंजच्या दांड्या गेल्या, नि मी अशी हवेत गेली, एक पोर मांडीवर नि दुसरं कुठं हाय, कसं हाय, हाय का न्हाय, काय म्हाईत न्हाय.

आता राग कशाचा ते सांगते. समोरच्या खुर्चीच्या पाठीला एक कार्ड खोचलेलं. मी सातवीपर्यंत शिकलेली, एक एक अक्षर जोडून वाचलं. ढगातपन आपल्या मानसांजवळ राहा. विमानात वायफाय हाय, पैसे भरा नि बोला. नि बाजूला फोटो, एक आई फोनात बघून हसतेय. मला वाटलं, देवच पावला. पैसे व्हते माझ्या फोनात, नवऱ्यानं धाडलेले. पन फोनातले पैसे द्यायला इंटरनेट लागतं, नि इंटरनेट पायजे म्हनून तर पैसे द्यायचेत. मी फोन दाबतेय दाबतेय, गोल फिरतंय नि फिरतंय, धाकटा रडतोय, माझा श्वास वरच्या वर.

मावशीनं कमरेच्या बटव्यातून नोटा काढल्या. त्या पोरीनं मान हलवली. रोख चालत न्हाय, फक्त क्रेडिट कार्ड. पोरगी गरीब व्हती, तिचेपन डोळे कावरेबावरे झाले. बोलली, उतरल्यावर लगेच फोन लागंल मॅम. उतरल्यावर. अजून तर अर्धी वाटपन झाली नव्हती.

तुमीच सांगा. विमानात फोन लागतच नसता तर मी डोळे मिटून हरिहरेश्वराला हात जोडून बसली असती, सगळेच बसले असते. पन लागतोय. ती पेटी तिथं छतात कुठंतरी हाय, पलीकडचा मानूस लॅपटॉपवर क्रिकेट बघतोय, हसतोय, नि माझ्या पोरीचा श्वास चालू हाय का एवढं एक वाक्य यायला वाट न्हाय, कारन माझ्याकडं ते चमकतं कार्ड न्हाय. फोटोत आई छापायला मात्र लाज न्हाय वाटली.

मावशी त्या लॅपटॉपवाल्याकडं वाकली. दादा, हिच्या पोरीचा एक निरोप घ्या. त्यानं एका कानातला इयरफोन काढला, ऐकलं, बोलला, काकी, माझं पॅक एकाच डिव्हाइसचं हाय, ऑफिसचं हाय. नि परत कानात घातला.

मावशीनं पट्टा सोडला. खुर्चीला धरून वाटेत उभी राहिली, विमान जरा हलतच व्हतं, पोरगी मागून मॅम बसा, मॅम बसा करतेय, नि मावशीनं हात तोंडाशी नेला. तळवा आडवा, बोटं गालाला.

"निरोप हाय हो. लेकरू आजारी हाय. कोन घेतो?"

अख्खं विमान वळून बघायला लागलं. मला लाजपन वाटंना, मी नुसती तिचा पदर धरून व्हती. नि पार मागून, शेवटच्या खुर्च्यांतून आवाज आला.

"खाला, मी घेतो. नंबर टाकून द्या."

श्रीवर्धनच्या बाजूचा मानूस, तिकडचे मुसलमान मावशीला खाला बोलतात, बोलन्यावरूनच कळलं. त्यानं आपलाच फोन उघडून दिला. तो उठायला लागला तर पोरीनं त्याला बसवला. मग फोन खुर्चीखुर्चीवरनं पुढं यायला लागला, ह्यानं त्याला दिला, त्यानं तिला. लॅपटॉपवाल्याच्या हातातनंपन आला. मी माझ्या भावाचा नंबर टाकला, स्वरा कशी हाय एवढंच लिवलं, नि फोन तसाच मागं गेला.

मग वाट बघनं. ते मी सांगू शकत न्हाय. मावशीनं धाकट्याला घेतला नि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. खोटा धीर देनं तिला यायचंच न्हाय.

मग मागं गडबड झाली. फोन परत निघाला. पन आता प्रत्येक जन थांबून वाचत व्हता, नि वाचून हसत व्हता, नि मगच पुढं देत व्हता. मावशी उभी राहिली. बोलली, "सगळ्यांचं वाचून झालं असंल तर आईला द्या आता."

लॅपटॉपवाल्याच्या हातात फोन आला तेव्हा त्यानं दोन्ही कानांतले इयरफोन काढलेले. त्यानंच मोठ्यानं वाचलं. माझ्या भावानं लिवलेलं. ताप उतरलाय, डॉक्टर बोलले घाबरायचं काम न्हाय, पेज पितेय, भाऊ कुठाय विचारतेय. मी पदर तोंडात कोंबून रडली.

मावशीनं पायाखालची पिशवी उघडली. मुलासाठी नेलेल्या सुक्या बोंबलांतली एक पुडी काढली नि मागं धाडली, तशीच हातोहात. आमच्याकडं निरोप आननाऱ्याला म्हावरं देतात, रिकाम्या हातानं धाडत न्हायत. कागदात गुंडाळलेली तरी वास काय लपतोय. कुनी नाक दाबलं, कुनी पुडी दोन बोटांत धरली, पन पुडी पोचली. मागून आवाज आला, खाला, आज भाग्य उजळलं. तेव्हा कुठं मावशीनं त्या पोरीला सांगितलं, आता पानी दे गो.

पानी पिऊन झाल्यावर तिचा राग निघाला. त्या पोरीला बोलली, तुझा काय दोष न्हाय, पन तुझ्या मालकाला सांग, दर्यावर निरोपाचा पैसा घेत न्हायत. ज्या बोटीवर वायरलेस हाय तिनं दुसऱ्याचा निरोप घ्यायचाच. जो घेत न्हाय त्याला बंदरात कोन दोरीसुद्धा धरू लागत न्हाय.

मग खिडकीकडं बघत हळू आवाजात मला सांगितलं. हात तोंडाशी न धरता बोललेली मी तिला तेवढीच ऐकली. तिचा नवरा वादळात सापडला तेव्हा त्याचा निरोप ह्या बोटीवरनं त्या बोटीवर, असा नागावच्या एका बोटीनं किनाऱ्याला पोचवलेला. भात टाक, येतो. तिनं भात टाकला. तो आला न्हाय.

"पन निरोप आला ना गो. त्याला माझी आठवन व्हती, भाताची भूक व्हती, एवढं मला कळलं. त्यावर मी पोर वाढवलं. दर्यावर जाताना कोन पाकीट नेतं काय? पैसे मागितले असते तर त्यानं कुठनं दिले असते?"



मस्कतला तिचा जीव रमला न्हाय. चार भिंती, दर्या दिसतो पन हाक मारायला कोन न्हाय. ती माझ्या आधी परत गेली. नि एका सकाळी आईनं कळवलं, मावशी झोपेतच गेली. निरोप लगेच आला, फुकट आला, नि तोच नको व्हता.

माझ्या व्हिसाची मुदत संपल्यावर मी निघाली तेव्हा नवऱ्यानं आधीच त्याच्या शेठच्या कार्डावरनं वायफायचं पॅक भरून दिलं. बोलला, परत असं नको व्हायला. बाजूच्या खुर्चीत एक म्हातारा बिहारी मिस्त्री. बोंबलाचा वास न्हाय, पाठीवर हात न्हाय.

मुंबईच्या वर आलो नि विमान उतरंना. खाली जागा न्हाय बोलले, अजून वेळ लागंल. गोल फिरतंय नि फिरतंय, माझा धाकटा किंचाळतोय, बाहेर काळं. तेवढ्यात त्या कार्डावरचंच वाक्य, आता गोड आवाजातल्या सूचनेत, ढगातपन आपल्या मानसांजवळ राहा. त्या मिस्त्रीनं खिशातनं फोन काढला. दाबतोय, दाबतोय. बोलला, खाली मुलगा उभा हाय, त्याची परतीची गाडी सुटंल, पन पैसे भरायला कसला तरी नंबर येतो तो येतच न्हाय.

मी माझा फोन त्याच्या हातात दिला. तो बघतच राहिला, कितना देना है बेटी. मी मान हलवली. नि तो लिवत असताना मी मागं वळून बघितलं, तर रांगारांगांत तसेच फोन उजळलेले, तशीच मानसं दाबतायत, दाबतायत.

मला अजून भ्या वाटतं. चार मानसांत माझा आवाज फुटत न्हाय. पन मी पट्टा सोडला, धाकट्याला कडेवर घेतला, वाटेत उभी राहिली, नि बघते तर माझा हात तोंडाशी गेलेला. तळवा आडवा, बोटं गालाला.