करिष्मा उजळली

संजीवनी मॅडम बुलढाण्याहून आमच्या गावात आली, तेव्हाच माझं डोकं फिरलं. धाडजवळच्या या खेड्यात मी बावीस वर्षं उपकेंद्राची नर्स. माणूस दारातून आत येईपर्यंत मला त्याचं दुखणं कळतं. हिचं दुखणं हिच्या गोड बोलण्यातच होतं. क्रीम, पावडर, लिपस्टिक दुकानात न ठेवता बायांकडून बायांना विकायची, अशा कुठल्याशा कंपनीची ती मोठी बाई. मोठी म्हणजे काय, तर हिच्या हाताखाली सतरा जणी, आणि त्या सतरा जणी आणखी कोणाला तरी गळाला लावायला निघालेल्या.

तिला हवी होती आमची आशाताई, महामाया. घरोघर फिरून गरोदर बायांच्या नोंदी घेणारी, गोळ्या देणारी, कळा सुरू झाल्या की जीपमध्ये सोबत बसणारी. हिला पाहून खाष्ट सासूही दार उघडते. मॅडमला असं माणूस आयतं कुठे मिळणार? तुम्ही फिरताच ना ताई, पिशवीत चार ट्यूब जास्त, असं ती म्हणाली. घरबसल्या कमाई म्हणे! महामाया घरी बसते कधी?

पण महामायेला पोरीला नर्सिंगला घालायचं होतं, आणि मानधनात ते बसत नव्हतं. महिनाभर विकून पाहते, मग नाव नोंदवायचं की नाही ते ठरवते, असं तिनं मॅडमला सांगितलं. मला विचारलं तेव्हा मी नाक मुरडलं. औषधाच्या पिशवीत रंगरंगोटी नको, एवढंच बोलले. मला काय जातं बोलायला, माझा पगार चालू होता.

गोरं करणाऱ्या क्रीमची पहिली ट्यूब घेतली करिष्मानं. पहिलटकरीण, सहावा महिना. रंगानं सावळी, आणि तिच्या सासूनं, विमलबाईनं, लग्नापासून त्या रंगावरून तिला टोचून टोचून खाल्लेलं. महामायेनं दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या मात्र ही पोरगी तांदळाच्या डब्यामागे लपवायची, हे मागाहून कळलं. त्या गोळ्यांनी पोटातलं लेकरू काळं होतं, असा आमच्याकडच्या शहाण्यांचा समज. महामायेनं विचारलं की मान हलवायची, "हाव ताई, घेतो न रोज."

महिन्यात करिष्मा खरंच उजळली. झालं! बाया महामायेच्या मागेच लागल्या, आम्हालेही तेच द्या म्हणून. मॅडमचा फोन आला, पोरीचा आधीचा आणि आताचा फोटो पाठवा, बुलढाण्याच्या मीटिंगमध्ये दाखवते. महामायेनं नाव नोंदवायचं पक्कं केलं. विमलबाईनं थंडीचं निमित्त करून सुनेची मागची तपासणी बुडवली होती; या खेपेला मात्र सासू-सून दोघी नटून आल्या, फोटो काढायचा म्हणून.

फाटकापासून दारापर्यंत चालताना करिष्माला धाप लागली. मी तिला उजेडात उभं केलं आणि खालची पापणी ओढली. आत रक्ताचा टिपूस नाही. नखं पांढरी, जीभ पांढरी. तपासलं तर हिमोग्लोबिन पाच.

"गोरी नाई झाली ही, महामाया," मी म्हणाले. "रक्त संपलं हिचं."

महामायेच्या हातात फोन तसाच राहिला. मग तिनंच धावपळ करून गाडी बोलावली, करिष्माला धरून बसवलं आणि आम्ही बुलढाण्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर आईचं आणि लेकराचं काही खरं नव्हतं. रक्ताची बाटली लागली तेव्हा मॅडमचा पुन्हा फोन, फोटो कधी पाठवता? महामायेनं सांगितलं, तुमचा सगळा माल उद्या परत येईल, आणि मले पुन्हा फोन करू नका.

मी तिला झाडायचंच ठरवलं होतं. शब्द तोंडात तयार होते. पण तीच आधी बोलली.

"सिस्टर, पापणी पाह्यची तुमीच शिकवलं मले. मी रोज तिचं तोंडच पाह्यलं. अन् उजळली म्हणून खुश झालती."

मी आत करिष्माकडे गेले. विमलबाई सुनेच्या उशाशी बसून त्या थेंब थेंब उतरणाऱ्या रक्ताकडे बघत होती. मला पाहून तिनं जवळ बोलावलं आणि सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच विचारलं.

"बाई, या रक्तानं तिचा उजळलेला रंग तं नाई उतरत ना?"